भातगिरणीतला राक्षस

परवा माझ्या लेकीनं मला घरातल्या सगळ्यांसमोर खोटारडी ठरवलं.

झालं असं, की मी लहानपणी बघितलेली राजकुमाराची मालिका सईनं मोबाइलवर शोधून काढली. हल्ली काहीही सापडतं बाई, हरवायची म्हणून सोय राहिली नाही. तिनं सरळ राक्षसाचा भाग लावला, ताटावर बसूनच बघितला आणि मान वर करून म्हणाली, "आई, तू तर सांगायचीस की राक्षस शेवटी भातगिरणीत कामाला लागतो. इथं तर राजकुमार त्याचं मुंडकं उडवतो."

मी हात न धुता उठले आणि बघितलं. उडवलं होतं खरं. पुठ्ठ्याचं असावं, घरंगळत जाताना पोकळ वाजलं. "अगं, हा भाग नाही तो. कुणीतरी बदललंय," मी ठासून म्हणाले. नवरा हसायला लागला, सासूबाई हसायला लागल्या. मी दोघांवरही खेकसले. आणि मग एकदम आठवलं, तसं मलाच इतकं हसू फुटलं की डोळ्यांत पाणी आलं. मुंडकं उडालेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या रविवारी लाइट गेली होती. पुढची गोष्ट आम्हाला इंदूकाकीनं सांगितली होती.

इंदूकाकी आमची कोणी नात्यातली नव्हे. माझ्या माहेरी, कर्जतजवळच्या कडावला, आमच्या घराला लागून तिचं घर. काका खोपोलीच्या एका कारखान्यात होते, म्हणून आळीत पहिला टीव्ही तिच्याकडं आला. टेंपोतून आला तेव्हा आम्ही पोरं मिरवणुकीसारखे मागून धावलो होतो. लाकडी पेटी, पुढं सरकती दारं, वर काकीनं स्वतः भरलेल्या पोपटांचा रुमाल. कौलांवर बांबूला बांधलेला अँटेना. वारा सुटला की तो माथेरानच्या डोंगराकडं तोंड करून रुसायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कोणीतरी वर चढायचं आणि खालून सगळी आळी ओरडायची, "आलं, आलं! गेलं! अरं, होता तिथंच धर ना रं मुडद्या!"

रविवारी सकाळी काकीच्या ओसरीत जत्रा. पण तिचे कायदे कडक होते. चपला बाहेर, ओळीनं. पाय धुतल्याशिवाय चटईवर यायचं नाही. बुटकी पोरं पुढं, लांबलचक मागं. आणि कोणी खाऊ आणला असेल तर तो एकट्यानं खायचा नाही. काकीच्या हातात कायम तांदूळ निवडायचं सूप असायचं. ते ती रिकामं करायची आणि मध्ये ठेवायची. "सुपात टाक," एवढंच म्हणायची. बाजारातल्या दुकानदाराच्या पोराची बिस्किटं, आमच्या चिंचा, डोंगराकडच्या वाडीतल्या पोरांची करवंदं, सगळं एका सुपात. मग ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं. दुकानदाराच्या पोरानं एकदा पुडा चड्डीत लपवला. काकीनं त्याला कानाला धरून पायरीपर्यंत नेलं आणि म्हणाली, "जा, तुज्या दुकानात बसून खा." पुढच्या रविवारी तो दोन पुडे घेऊन आला. तिनं फक्त सूप पुढं केलं.

काकीची बसायची जागाही मजेशीर होती. आम्ही सगळे टीव्हीकडं तोंड करून, आणि ही टीव्हीच्या बाजूला, आमच्याकडं तोंड करून. उंच, हाडकुळी, दात मिशरीनं काळे, पदर कमरेला खोचलेला. अर्धं लक्ष सुपात, अर्धं आमच्या तोंडांवर. मध्येच एखादी नजर पडद्यावर टाकायची, तीसुद्धा दूध उतू जातंय का बघावं तशी. मी एकदा विचारलं, "काकी, तुला टीव्ही नाय आवडत का गं?" तर म्हणाली, "तुमची तोंडं बघते ना. त्यात सगळं दिसतं."

आणि खरी गंमत सुरू झाली ती बुधीमुळं. बुधी डोंगराकडच्या आदिवासी वाडीतली, आमच्याच वयाची. रविवारी आईबरोबर लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची आणि ओसरीच्या पायरीशी उभी राहून आत बघायची. बाकीच्या घरांत वाडीची पोरं पायरीशीच उभी राहत. काकीनं तिला बघितलं आणि ओरडली, "उभी काय राहतेस खांबासारखी? पाय धू नि ये आत!" कोणाच्या तरी आईनं नाक मुरडलं. काकीनं तिच्याकडं असं बघितलं, की बाई घरी दूध तापत ठेवलंय म्हणून निघूनच गेली. बुधी आत आली, बसली, थोडा वेळ टक लावून बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तो काय बोलतोय?"

मालिका हिंदीत. आम्हालाही धड कळत नव्हती, पण कबूल कोण करणार? आम्ही समजल्यासारखे माना डोलवायचो. काकीचं हिंदी म्हणजे दारावर येणाऱ्या कपडेवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. पण विचारलेल्या प्रश्नाला माहीत नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पडद्याकडं एकदा बघितलं. राजा लालबुंद होऊन राजकुमारावर ओरडत होता. "बाप हाय त्याचा," काकी म्हणाली. "पोरानं रातची म्हैस बांधली नाय, ती दुसऱ्याच्या भातात शिरली. आता भरून कोण देणार, म्हणून ओरडतोय."

सगळ्यांना एकदम पटलं. त्या दिवसापासून काकी सांगायची आणि आम्ही ऐकायचो, मध्येमध्ये ओरडून तिच्या चुकाही काढायचो. पडद्यावर राजवाडा, हत्ती, तलवारी. आणि काकीच्या तोंडून भाताची रोपं, उल्हास नदीचा पूर, कर्जतचा बाजार. राणीच्या तोंडाला फडकं बांधलं की तिची दाढ दुखायची. प्रधान कानात कुजबुजला की तो उधारीवर साखर मागत असायचा. आणि दुष्ट कोणी नसायचंच. लांब नखांची चेटकीण यायची, आम्ही किंचाळून एकमेकांना बिलगायचो, आणि काकी सूप पाखडता पाखडता म्हणायची, "गप रं. उपाशी असंल बिचारी. सणाला कोणी बोलावलं नसंल." काळा घोडेस्वार आला, उपाशी असंल. सेनापतीनं दगा दिला, उपाशी असंल. आम्ही इतके तयार झालो होतो, की वाईट माणूस दिसला की सगळी ओसरी एका सुरात ओरडायची, "उपाशी असंल!"

तर राक्षसाचा रविवार. राक्षस गुहेतून बाहेर येतो, राजकुमार तलवार उपसतो, आणि फट्. पडद्याच्या मधोमध एक ठिपका उरला, तोही गेला. लाइट! पोरांनी असा काही गळा काढला, की समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. दोघं-तिघं चपला शोधायला लागले. काकी कडाडली, "बसा खाली! लाइट गेली, गोष्ट नाय गेली."

आणि तिनं सांगितलं. राजकुमार तलवार उगारतो, तर राक्षसाच्या पोटातून आवाज येतो. गुडगुड, गुडगुड. राजकुमार विचारतो, कधीपासून जेवला नाहीस रं? राक्षस म्हणतो, माझ्या अंगाला बघून कोणी काम देत नाय, काम नाय तर जेवण कुठलं? मग राजकुमार त्याला घेऊन कडावला येतो. भातगिरणीचा मालक आधी पळून जातो, पण पोती उचलायला माणूस हवाच असतो. राक्षस एका हातात दोन-दोन पोती घेतो. संध्याकाळी त्याला भात, सुक्या बोंबलाचं कालवण. "आजूनबी हाय तिथं," काकी म्हणाली, "पण कोंड्यानं पांढरा झालाय, म्हणून वळखू येत नाय." आम्ही पुढं कितीतरी दिवस भातगिरणीवरून जाताना आत डोकावून बघायचो. एक धिप्पाड हमाल होता तिथं. त्या बिचाऱ्याला कळेना, पोरं आपल्याला रामराम का करतात.

सोमवारी शाळेत मारामारी. बाजारपेठेतली लाइट गेली नव्हती. तिथली पोरं म्हणाली मुंडकं उडालं, आमची म्हणाली भातगिरणीत लागला. एकाचा सदरा फाटला. गुरुजींनी दोन्ही बाजू ऐकल्या. भातगिरणी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या रविवारी स्वतः पाय धुऊन ओसरीत येऊन बसले. सबंध भाग त्यांनी काकीच्या तोंडून ऐकला. निघताना हळूच म्हणाले, "वहिनी, तिकडं खरंच मुंडकं उडवलं होतं हो."

"उडवू दे," काकी म्हणाली. "इतक्या पोरांच्या जेवायच्या वेळेला मी मुंडकी उडवत बसू?"

गुरुजी हसत हसत गेले. मात्र त्यानंतर अधूनमधून यायचे.

हे सगळं संपलं कधी, ते सांगता येत नाही. एका दिवसात काही संपलं नाही. आधी आळीत आणखी एक टीव्ही आला, मग रंगीत आला, मग केबलची काळी वायर घराघरांवरून झाडाझाडांवरून आमच्या दारात आली. कार्टून दिवसभर लागायला लागली. रविवारची गरजच राहिली नाही. मी तोवर कॉलेजात होते. एका रविवारी काही मागायला म्हणून काकीकडं गेले, तर ओसरी झाडलेली, चटई अंथरलेली, मधोमध सूप, आणि काकी एकटी टीव्हीच्या बाजूला बसलेली. नेहमीच्याच जागी, रिकाम्या चटईकडं तोंड करून. मला बघून झटकन उठली आणि चटई गुंडाळायला लागली. "बरं झालं बाई," म्हणाली, "घर झाडायला मोकळं." मी तशीच परत आले, जे मागायला गेले होते ते न मागता.

पुढं तिच्या ओसरीसमोरून पोरं जायची ती कार्टूनमधलं हिंदी बोलत. स्वतःच्या आईशीसुद्धा. काकी कपाळावर हात मारायची. "आठवडाभर वाट बघायची गं तुमी," ती मला म्हणायची. "आता वाटच बघायची नाय कोणाला. वाट बघितल्याबिगर गोष्टीला चव कशी येल?" मी म्हणायचे, जाऊ दे काकी, जमाना बदलला. तर फटकन म्हणायची, "बदलू दे की. मला विचारून बदलला का?"

माझं लग्न झालं, मी खालापूरला आले. काका गेले. काकीचा मुलगा महेश बेंगळुरूला मोठ्या कंपनीत लागला, तिथंच संसार. नातू झाला, ईशान. काकीच्या डोळ्यांत तोवर काचबिंदू पसरत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येणार नाही. त्याचं तिला फार काही वाटलं नाही. तिला खात होतं ते वेगळंच. व्हिडिओ कॉल लागला की ईशान हात हलवायचा, "हाय आजी" म्हणायचा आणि पळायचा. काकी मोबाइल नाकाशी धरून नुसती "ईशान, ए ईशान" करत राहायची. तिकडं घरात सगळं इंग्रजी. आई-बाप दिवसभर कामात, पोर टॅबवर वाढलेलं. मराठी त्याला दहा-बारा शब्द यायचे, तेही महेशनं रागावताना शिकवलेले.

"माजा नातू माज्याशी बोलत नाय गं," काकी मला म्हणाली. तिच्या आवाजात कधी नव्हे ते काहीतरी तुटलेलं होतं. "मी मरायची ती मरेन. पण त्याला माजी एक तरी गोष्ट ठावं असायला पायजे. नायतर मी त्याला भिंतीवरच्या फोटोतली बाई. हार घालतील, नि कोण ते इचारतील."

आणि मग त्या उन्हाळ्यात सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, आणि महेश ईशानला दीड महिन्यासाठी कडावला सोडून गेला. काकीनं आठ दिवस आधीपासून तयारी केली होती. लाडू, फणसाचे गरे, शेजारचं नवं वासरू. ईशाननं लाडूचा वास घेतला आणि ठेवून दिला. वासराला बघून दोन पावलं मागं सरकला. मग ओसरीच्या कोपऱ्यात बसून कानात हेडफोन घातले आणि मोबाइल उघडला. मी भेटायला गेले तेव्हा तो तिथंच होता, आणि काकी या टोकाला. मला असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "काकी, मी असते ना, तर तो मोबाइल सरळ विहिरीत टाकला असता."

"नको गं," काकी म्हणाली. "आईबापापासनं तोडून आणलंय त्याला. त्यात हातातलंबी काढून घेऊ? घाबरलंय पोर. त्याला त्यातच घर वाटतंय." मग म्हणाली, "तो येत नाय ना बाहेर? मग मीच आत जाते."

आत म्हणजे मोबाइलच्या आत. ती सरकत सरकत त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तोंड पडद्याजवळ नेलं. तिला काय दिसणार होतं? हलणारे रंग. हिरवं काहीतरी मोठं पडद्यावर आलं. काकी मोठ्यानं म्हणाली, "म्हैस आली बघ."

ईशाननं हेडफोनमधूनही ऐकलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, परत पडद्याकडं बघितलं. काकी म्हणाली, "चांगली दुभती दिसतेय. रोजचं दूध किती देत असंल?"

"नो!" ईशाननं हेडफोन काढला. "ड्रॅगन! नो म्हैस!"

"म्हैसच ती. शिंगं नाय का तिला?"

"नो, आजी! फायर! तोंडात फायर!"

"अगं बाई, तोंड पोळलं असंल तिचं. गरम पेज प्यायली असंल घाईनं."

ईशान असा काही वैतागला! हातवारे करून, इंग्रजीत, मराठीत, जमेल तसं त्या अडाणी आजीला ड्रॅगन म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला. आजी ऐकत होती, मान हलवत होती आणि परत म्हैसच म्हणत होती. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि माझ्या दंडाला चिमटा काढून कुजबुजली, "चुकीचं बोललं की पोरं गप नाय बसत गं. तुमी तरी कुठं बसायचात?"

खालापूरच्या एसटीत बसल्यावर मला ते वाक्य खटकलं. म्हणजे राजाची म्हैस, राणीची दाढ, हे सगळं काकीला कळत नव्हतं म्हणून होतं, की कळत असूनही? आम्ही तेव्हा ओरडून तिला सुधारायचो, "नाय काकी, ती तलवार हाय, कोयता नाय!" बुधी सगळ्यात मोठ्यानं ओरडायची. पायरीशी मुकी उभी राहणारी बुधी. काकीला मी हे विचारायचं ठरवलं होतं, आणि राहून गेलं. पावसाळा संपता संपता काकी गेली.

मी तिला शेवटचं पाहिलं ती मे महिन्यातली भर दुपार होती. दोन दिवसांनी महेश ईशानला न्यायला येणार, म्हणून काकीकडं आंबे घेऊन गेले होते. कडावला सकाळपासून लाइट नव्हती, कुठंतरी तार तुटली होती. आळी सगळी दारं लावून पडलेली. फक्त काकीच्या ओसरीतून बोलण्याचा आवाज येत होता. मी पायरीच्या खालीच थांबले.

काकी भिंतीला टेकून बसली होती. ईशान तिच्या कुशीत पाठ टेकून, दोन्ही हातांनी मोबाइल दोघांच्या समोर धरून. शेजारी सूप. त्यात करवंदं आणि त्यांच्यावर फोडलेला बिस्किटांचा पुडा.

"मग?" काकी विचारत होती.

"मग तो ड्रॅगन आला. मोठा! आणि त्यानी ते घर आहे ना, सगळं तोडलं. सगळ्यांचं घर तोडलं."

"अगं बाई! का रं?"

ईशान थांबला. कपाळाला आठ्या घालून त्यानं विचार केला.

"उपाशी असंल," तो म्हणाला.

मी एक पायरी चढले आणि तेव्हा मला मोबाइल नीट दिसला. पडदा काळा ठिक्कर. बॅटरी कधीच संपली असणार, चार्जिंगला लाइट कुठं होती? पोर त्या काळ्या काचेत बघून सांगत होतं.

ईशानचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यानं मोठे डोळे करून ओठांवर बोट ठेवलं. आजीला दिसत नाही. तिला कळता कामा नये, की आत काहीच चाललेलं नाही.

काकीची मान माझ्या दिशेला वळली. पाऊल तिनं ओळखलं होतं. डोक्यावरचा पंखा बंद होता, ईशानचे घामेजलेले केस ती पदरानं पुसत होती.

"कोण, नलू का?" ती म्हणाली. "पाय धुऊन ये नि गप बस. लाइट गेलीय." मग तिनं ईशानला आणखी जवळ ओढलं. "तू सांग रं बाळा. पुढं काय झालं?"

मी आंब्यांची पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पाय धुतले आणि चटईवर जाऊन बसले.